तळटीप सत्तेचाळीस

झोंबाच्या पठारावरून धुकं उतरतं
आणि सरळ ग्रंथालयात शिरतं,
कारण खिडकीची एक काच दोन वर्षांपासून नाही.
पुस्तकं फुगलीत. बहुतेक दानात आलेली,
स्कॉटलंडातल्या मेलेल्या पाळकांच्या घरून;
पहिल्या पानावर त्यांची नावं, शाई तांबूस झालेली,
आणि ‘देवाची तजवीज’ या प्रकरणात
कुणीतरी दाबून ओढलेली पेन्सिलची रेघ.

मी बावीस वर्षं हे प्रकरण शिकवतो.
देव सांभाळतो, देव सोबत चालतो, देव शेवटाकडे नेतो.
तीन क्रियापदं, तीन तास,
मग चहा.

तामांदानी लिकोस्वेचा एम.टीएच.चा प्रबंध
पावसाळा सरल्यावर माझ्या टेबलावर आला. दीडशे पानं.
वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात वाचत गेलो.
मांडणी चोख, जर्मनांची मतं चोख,
त्यांचं खंडन त्याहून चोख.
पंचाण्णवाव्या पानापर्यंत
मनातल्या मनात पास करून टाकलं होतं मी तिला.

शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी
बारीक टायपात सतरा नावं.
एलुबी मागोम्बो. तिची सून.
सुनेचं तान्हं, बाप्तिस्मा रविवारी ठरलेला.
येसाया, मक्याच्या गिरणीवरचा.
फालेसी, जी गायनमंडळात हटकून वरचा सूर लावायची.
पुढे ना लेखक, ना वर्ष, ना पृष्ठ.

लाल पेनानं समासात लिहिलं मी:
आधार?

सवयच ती. हा शब्द इतक्यांदा लिहिलाय
की हात आपला आपणच
प्रश्नचिन्हाचा आकडा वळवतो.

ती गुरुवारी आली. खांद्यावरून चितेंजे घट्ट ओढलेलं.
बसली नाही.
म्हणाली, सर, तुम्ही आधार विचारलाय.
आंब्याचं झाड होतं.
रात्री दोनला डोंगर खाली आला,
दगड, घरं, बकऱ्या, सगळं एकाच आवाजात.
मी फांदी धरली. एलुबी आजीनं माझा पाय धरला.
पहाटे पाय मोकळा होता.

बाहेर कुणीतरी झेरॉक्स मशीनला शिव्या घालत होतं,
सेमिनरीत जितक्या घालता येतात तितक्या.

मी काय म्हणणार? म्हणालो,
बाह्य परीक्षक प्रिटोरियाहून येणार,
त्यांना पद्धत लागते.
‘वैयक्तिक मुलाखत’ असं घालू, पुढे तारीख.
म्हणाली, मुलाखत कुठली, सर?
ते काही बोललेच नाहीत. मी मोजले, एवढंच.
शाळेच्या व्हरांड्यात, ताडपत्रीबाहेर आलेल्या
पायांवरून.

मग तिनंच विचारलं, वर्गात विचारावं तितक्या साधेपणानं:
सांभाळतो, हे क्रियापद
सकर्मक आहे ना?
मग कर्म कुठेतरी लिहायला नको?
निदान तळाशी?

मला व्याकरण येतं. ग्रीक येतं, थोडं हिब्रू.
मी कंदिलाची काच पुसत बसलो,
दिवसाढवळ्या.

तोंडी परीक्षेत पाहुण्यांनी शहाण्णवावं पान काढलं,
चष्मा वर केला, खाली केला,
बराच वेळ बोट तिथंच ठेवलं
आणि सत्त्याण्णवाव्यावर गेले.
किरकोळ दुरुस्त्यांसह उत्तीर्ण.
यादीत दोन स्पेलिंग, एक चुकलेलं साल.
तळटिपेचा उल्लेख नाही.
याला कृपा म्हणायचं की विमानाची घाई,
मी अजून ठरवलेलं नाही.

ती आता फालोम्बेकडच्या एका मंडळीत आहे,
पत्रं लिहीत नाही. तिनं का लिहावीत?

यंदाही तेच प्रकरण, तोच फळा.
पहिलं क्रियापद लिहितो
आणि वाकून, गुडघे कुरकुरतात तरी वाकून,
फळ्याच्या अगदी तळाशी आडवी रेघ ओढतो.
पोरं निमूट वह्यांत रेघ ओढतात.
एखादा विचारतोच, सर, हिच्याखाली काय लिहायचं?
जागा सोडा, म्हणतो.
किती ओळी, सर?

हल्ली चहा गार होतो.