तिसऱ्या

पिग्मीचं मशीन गळ्यात अडकवून
बाजारपेठेपासून धुरीवाड्यापर्यंत
बावीस वर्षं मी रोज हसत आले.
आधी कार्ड होतं, मग मशीन आलं,
हसणं तेच.

सत्यवान खोबरेकर पंखा उघडून बसलेला असतो.
मान वर न करता म्हणतो,
‘आज नाय गो वयनी, तू भर मगे, फाल्यां देतंय.’
आणि मी भरते.
माझ्या पर्समधल्या पन्नासावर त्याचं नाव चढतं
आणि निघताना मीच म्हणते,
सॉरी हां, कामात असताना आले.

सोसायटीच्या सभेत खुर्च्या मी मांडते.
भांडण झालं
की दोन्हीकडे मान हलवते.

रात्री तीनला डोळे उघडतात
कुणी हाक मारल्यासारखे.
छातीत बंदरावरची गडबड
आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिलावाला:
सकाळी शुभदा ‘बरं’ म्हणाली
ते बरं होतं
की नुसतंच ‘बरं’?

कणकवलीच्या डॉक्टरांनी पट्टी काढली.
हृदय नॉर्मल आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
मी म्हटलं, नाही घेणार.
त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

मला सत्तेचाळीसावं लागलं त्या अवसेला
कार्मेलीन फर्नांडिस म्हणाली,
‘सुकती लागली हा, चल माझ्यावांगडा खाडयेत.’
नाही म्हणता आलं नाही म्हणून गेले.
कोळंबच्या पुलाखाली, साडी खोचून,
पायाच्या अंगठ्याने चाचपडत.
पहिल्या तासात मी चिखलाचीसुद्धा
दोनदा माफी मागितली असेन.

मग तिच्या पडवीत टोपली पालथी केली.
काही मिटलेल्या, काही आ वासून.
मला उघड्याच बऱ्या वाटल्या,
या बसा म्हणणाऱ्या,
त्या मी आपल्या बाजूला जमवत गेले.
कार्मेलीन हसली.
‘गो बाये, टिचकी मार तिका.
मिटली तर जिती.
नाय मिटली तर मेली, टाकून दी.’

टिचकी मारली. पहिली मिटली
फट्कन, माझ्या नखाशी.
काय उद्धट, वाटलं मला.
दुसरी मिटली.
पुढची तशीच राहिली,
दार सताड, आत कुणी नाही.
ती तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले.
कार्मेलीनने काही विचारलं नाही.
ती निवडत होती.

सोमवारी खोबरेकर म्हणाला, ‘फाल्यां.’
‘मग आजचं कोरं ठेवते,’
कुणीतरी म्हणालं माझ्या आवाजात.
कानात गाज.
वाटलं आता समोरचा गोळेवाला थांबेल,
रिक्षा थांबतील,
अख्खी पेठ वळून बघेल.
त्याने मान वर केली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.
‘बरा,’ म्हणाला
आणि पोराकडे पेचकस मागितला.

इतकंच होतं?
एवढ्यासाठी मी पन्नास पन्नास करून
काय काय भरत आले?

सगळं असं सोपं नाही झालं.
मे महिन्यात पाहुणे माझ्याकडे नकोत म्हटलं,
तर जाऊ अजून बोलत नाही.
विहिरीवर भेटली की बादलीशी बोलते.
ते लागतं मला.
एकदा फोनवर ‘चुकलं माझं’ लिहिलंही,
बघत बसले,
पुसलं.

काल पुन्हा तीनला जाग आली.
छाती धडधडत होतीच.
स्वयंपाकघरातून बारीक आवाज येत होता,
टक्, थांबून पुन्हा टक्.
मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या
अंधारात हळूच फट उघडत होत्या,
पोटातली वाळू टाकत होत्या,
मिटत होत्या.
कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

दिवा लावला नाही.
अनवाणी उभी राहिले टोपाजवळ
पहिली एसटी सुटेपर्यंत.
मग पाणी ओतलं.
तळाला
चिमूटभर नाही,
चांगली मूठभर होती.