चीक

सावद्याहून आलेला, तेवीस दिवसांचा ताप.
पिशवीत तीन दवाखान्यांचे कागद:
टायफॉइड, मग मलेरिया, मग पुन्हा टायफॉइड.
दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या,
ताप दडायचा, जायचा नाही.

रुबाब तडवी, वय सव्वीस, केळीचे घड वाहतो.
नखं दाखव म्हटलं तर मुठी मिटल्या.
"चीक आहे, बाई. धुऊन निघत नाही."

जनरेटरवाल्या भास्करकडून वाटीभर रॉकेल आणवलं.
बोळ्याने एकेक नख पुसत गेले.
नऊ नखांचा काळेपणा कापसावर आला.
उजव्या अनामिकेचाही आला,
पण खाली दोन रेघा उरल्या,
तांबूस, ज्वारीचं कुसळ रुतावं तशा.

पंखा बंद करायला सांगितला. जळगाव, मे महिना.
अख्खा वॉर्ड माझ्यावर चिडला.
ठोक्यामागून फुंकर येत होती,
पाटाचं दार नीट बसलं नाही
की पाणी मागे सरतं, तशी.

लहानपणी सांधे सुजले होते?
"एक उन्हाळा चाललोच नाही म्हणे."
आणि दाढ?
"काढली ना. यावलच्या बाजारात. होळीच्या आधी."

आईला पटवणं सगळ्यांत अवघड:
पोरगं तापतंय आणि ही बाई औषध न देता
नुसतं रक्त काढते,
या हाताचं, त्या हाताचं, तासाभराने पुन्हा.
तिसऱ्या दिवशी लॅबमधून बोरसेंचा फोन:
"मॅडम, तिन्ही बाटल्या बोलल्या."

इकोच्या पडद्यावर झडपेच्या काठाला
काहीतरी लोंबत होतं, ठोक्याठोक्याला हलत.
रुबाबने मान वळवून पाहिलं.
"हे तर केळफूल.
कापून टाका ना. आम्ही टाकतो, घड भरावा म्हणून."

मला पटकन उत्तर सुचलं नाही.
कापतातही, म्हटलं, मुंबईला, वेळ आली तर.
आधी पेनिसिलिन, दर चार तासांनी, चार आठवडे.
तुटून डोक्यात गेलं तर काय, ते
आईला बाहेर नेऊन सांगितलं.

रात्री दोनची सुई त्याला सगळ्यांत नकोशी.
एकशे अडुसष्टपैकी एकही चुकली नाही,
सिस्टर सपकाळेंच्या धाकाने.

रेघा नखासोबत पुढे सरकल्या,
एका सकाळी त्याने त्या कापून टाकल्या.
फुंकर आहे तशीच आहे. राहील, मी सांगितलं.
दाढ काढायच्या आधी हा कागद दाखवायचा.

पुढच्या महिन्यात आला
तेव्हा नखं पुन्हा काळीभोर.
मी भास्करला हाक मारली.