आठ दिवसांची वही

पलंगाखाली चार ठोकळे सरकवत
हेनी म्हणाली, तुझ्यासाठी नाहीत हे,
माझ्या कंबरेसाठी.
बाळंतिणीचा पलंग उंच हवा, नियमच आहे इथला.

बाहेर कालव्यावर बर्फाची साय.
आईने पाठवलेली बाळंतशेप
कस्टमच्या कुठल्याशा फडताळात अडकलेली,
डिंकाच्या लाडवांसकट.

हेनी वहीत सगळं लिहायची:
शू किती वेळा, शीचा रंग,
डावीकडे बारा मिनिटं, उजवीकडे सहा,
माझा ताप, माझे टाके.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं
आणि मी हमसून रडले, कारण नसताना.
तिने काही विचारलं नाही.
टोस्टला लोणी फासलं, वर
गुलाबी-पांढऱ्या साखरगोळ्या पेरल्या.
बाळ झालं की इथे हेच खातात.
चावले, तर आत
बडीशेप!

फोनवर आई: काय खाल्लंस?
शेप.
मिळते तिथे?
गुलाबी मिळते.

आठव्या दिवशी सायकलचं कुलूप काढून
हेनी दुसऱ्या कुणाकडे गेली.
वही माझ्यापाशी.
मांडीवर तो झोपलेला, मी डच अक्षरं लावत बसलेली:
तिसरा दिवस. वजन थोडं घटलं.
आई रडली. काळजीचं कारण नाही.

आई?
ती कधी रडली हेनीसमोर?

ओळ पुन्हा वाचली.