जीभ पाहणारा

डुक्कर आडवं पाडायचं, मानेवर गुडघा,
जबड्यात काठी,
फडक्यानं धरून जीभ ओढायची बाहेर
येईल तेवढी.
मग खालच्या बाजूनं अंगठा फिरवायचा, सावकाश.
दाणा लागला, भाव अर्धा.
तुंबेस नदीच्या काठानं सव्वीस वर्षं
मी हेच केलं.
पेरूभरचे व्यापारी पाहिलेत म्हणणारे म्हणत,
एलेउतेरियोचा अंगठा खोटं बोलत नाही.

नेलिदा पहिल्यांदा पडली ती केळी धुताना.
नऊ वर्षांची.
टबातलं पाणी हिंदकळलं, वाटलं, खेळतेय.
मग डोळे वर गेले
आणि टाचा वाजायला लागल्या जमिनीवर
कुणी आतून दार ठोठावावं तशा.

दालिलानं दातांत चमचा घातला.
एक दात गेला. चमचा वाकला.
तो अजून आहे घरात.
त्यानं कुणी जेवत नाही, कुणी टाकतही नाही.

शेजारीण म्हणाली, पोर भ्यायलीय कशाला तरी.
डोंगरातून बाई आणली.
तिनं काळा गिनीपिग अंगावरून उतरवला,
उभा चिरला, आत बघून म्हणाली:
नदीनं हिची सावली ठेवून घेतलीय.
दोन कोंबड्या घेऊन गेली.
सावली तिथेच होती, पोरीच्या पायाशी,
पुढच्या खेपेला तीही थरथरली.

इस्पितळात पहिला प्रश्न: किती वेळ चाललं?
मी म्हणालो, खूप.
डॉक्टर पुरिसाकांनी पेन खाली ठेवलं.
खूप म्हणजे किती?
आम्हाला कुठं ठाऊक,
मूल असं होताना घड्याळाकडे बघायचं असतं.

ताप होता? डोक्यावर पडली होती?
जन्मली तेव्हा लगेच रडली?
घराण्यात कुणाला?
नाही, नाही, रडली, नाही.
प्रत्येक उत्तरागणिक दालिला
खुर्चीत लहान होत गेली.

नर्सनं उशी घेऊन दाखवलं:
कुशीवर वळवा. दाबून धरू नका.
तोंडात काही म्हणजे काही नको.
पाच मिनिटांवर गेलं तर जी गाडी मिळेल ती.
दालिला उशीकडे बघत होती,
मी दालिलाकडे नाही.

मग उजेडावर फिल्म लावली.
अक्रोडासारखा मेंदू, त्यात पांढरे ठिपके.
डॉक्टर मोजत होते.
माझा अंगठा आपोआप हलला.

डुकराचं खाल्ल्यानं डोक्यात हे होत नाही, ते म्हणाले.
माझा जीव भांड्यात पडला.
घरात कुणाच्या तरी पोटात लांब जंत असणार.
त्याची अंडी हाताला, हातातून ताटाला.
सगळ्यांनी डबी भरून आणा.

पाच डब्या.
माझी पुन्हा मागवली.

अर्ध्या भावाचं मांस जातं कुठं
हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
आमच्याच चुलीवर जायचं. घाईत, अर्धकच्चं.
जंत त्यातूनच, माझ्या पोटात.
आणि माशाचे काटे काढून
नेलिदाला भरवायचो तो मीच,
याच अंगठ्यानं.

दालिलाला मी हे नदीवर सांगितलं.
ती कपडे पिळत राहिली.
एकच सदरा, बराच वेळ.

काल एकानं डुक्कर आणलं. जीभ ओढली. दाणे होते.
अर्धा भाव ना? तो म्हणाला.
पुरा दिला. डिझेल ओतून जाळलं.
पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचे पैसे होते ते.
शहाणपणा की वेडेपणा, मला सांगता येणार नाही.

थोरल्यानं शाळेच्या वहीत रेघा मारल्यात.
तीन मार्च, दोन मिनिटं.
एकोणीस मार्च, दीड. ओठ निळे.
एप्रिल कोरा.
मेमध्ये परवा पहाटे पुन्हा.
मी कुशीवर वळवलं, डोक्याखाली सदरा दिला,
हात मागे बांधून उभा राहिलो
आणि घड्याळ वाचलं.

शुद्धीवर आली तशी बोबड्या जिभेनं विचारलं,
किती?
एक मिनिट चाळीस.
तिनं डोळे मिटले.
म्हणाली, मग खूप नाही.