पहिल्या अक्षराची जागा

कंब्रियातल्या पाटीच्या खाणीखाली
विल्फ्रिड पॉसलथ्वेटचं खोपट आहे.
पन्नास वर्षं तो थडग्यांच्या दगडावर अक्षरं कोरतो,
अक्षराला चार पौंड, स्वल्पविराम फुकट.
हातोडीनं त्याचे कान नेले. आधी डावा,
मग एका मार्चमध्ये उजवाही.
तेव्हापासून लोक बोलतात
आणि तो त्यांचे ओठ वाचतो,
झिजलेला जुना लेख वाचावा तसे.

ई, ए, आर.
ही तीन अक्षरं त्याचा हात झोपेतही कोरील.
आपल्याकडे काना म्हणजे नुसती उभी रेघ,
दिला की मनाचा मान होतो.
तिथं कान पुरा तीन अक्षरांचा,
आणि पुढे एखादं अक्षर येऊन बसलं
की त्याला ओळखच राहत नाही.
वाय लावा, वर्ष. एफ लावा, भय.
बी लावा तर अस्वल, नाहीतर सोसणं,
डब्ल्यू लावा तर अंगावर घालणं
आणि घालून घालून विरणंही.
टी लावलात तर आसू;
तोच शब्द जरा तोंड पसरून म्हणा, फाटणं.
काळजाच्या पोटात कान आहे, चुलीच्याही.
शववाहिनीत तर अगदी मधोमध बसलाय,
मागे कोण झोपलंय त्याची चाहूल घेत.
आणि माती?
मातीला तिकडे म्हणतात अर्थ.
विल्फ्रिडला यात काही विशेष वाटायचं कारण नाही,
माझा मात्र लिहिताना हात थांबतो:
जन्मभर हुडकला तो
तिथं फावड्याखाली, ओला, काळा.

नोव्हेंबरात थर्झा फॉसेट आली,
नवऱ्याच्या दगडाचं सांगायला.
नाव, दोन सालं, खाली एकच शब्द.
तो शब्द ती तीनदा बोलली.
पण ओठांना डी, टी, एन सगळे सारखेच;
जीभ आतल्या आत टेकते, बाहेर काही दिसत नाही.
प्रिय म्हणाली? जवळ म्हणाली?
की आसू?
कागद पुढे केला असता तर काम भागलं असतं,
पण बहिऱ्याचाही एक तोरा असतो.
त्यानं मान डोलावली.

मग मागची तीन अक्षरं कोरली,
पुढे चार बोटं जागा सोडली
आणि निरोप धाडला: येऊन बोटानं दाखवा.

ती आली. चष्मा पुसला.
दगडावरून हात फिरवला, एनॉक, सालं,
मग ती कोरी जागा, मग कान.
आणि हसायला लागली,
इतकी की विल्फ्रिडला ते तिच्या खांद्यांवरून ऐकू आलं.

"चव्वेचाळीस वर्षं," ती ओठ मोठे करत सावकाश म्हणाली,
"मी बोलत होते आणि हा मेंढ्या मोजत होता.
ह्या कानानं घ्यायचा,
त्या कानानं डोंगरावर सोडून द्यायचा.
राहू दे असंच."

"पण तुमचा शब्द कुठला होता?"

तिनं सांगितला.
दार उघडत होती तेव्हा,
तोंड बाहेर, वाऱ्याकडे.

विल्फ्रिडनं बिलात चार पौंड कमी लावले.