सुराची शेपटी

रुजारमाम म्हणायचे,
"माडार कोणय चढता, गो.
उतरता कसो, ता बघूचा."

म्हणून पहिले सहा महिने
मी फक्त सुरांच्या शेपट्या शिकले.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, ओहोटीच्या वेळी,
वाऱ्याकडे पाठ करून.
कारण वारा तोंडातला सूर काढून घेतो
आणि आपल्याला वाटतं, आपणच सोडला.

एक शेवट साधा. जीभ लावायची, बस्स.
सुरमईच्या मानेवर कोयता येतो तसा.
नंतर फक्त फळी थोडा वेळ थरथरते.
"वरातीत ह्यो नको," माम सांगायचे,
"लोकांका वाटता जनरेटर बंद पडलो."

दुसऱ्यात ओठ सैल, कळा अर्ध्या दाबलेल्या,
आणि सूर घसरू द्यायचा.
शेवाळलेल्या पायरीवरून पाय सुटलेला माणूस
खाली पोचेपर्यंत चार देव आठवतो;
तसे मधले सगळे सूर निसटते लागले पाहिजेत,
पुरता एकही नाही.

कधी उलट, संपता संपता वर भिरकावायचा,
गुडघाभर पाण्यातून पाग फेकतात तसा.
पण हा पाग परत येत नाही.
हात रिकामे राहतात
आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

थरथर मला कधीच जमली नाही.
माम ती ओठांनी नाही, मनगटाने करायचे,
अख्खं पितळ तोंडावर हलवून,
आणि शेजारचा क्लॅरिनेटवाला बस्त्याव
दोन पावलं सरकून उभा राहायचा.

पण शिरोड्यापासून परुळ्यापर्यंत
त्यांना ओळखत ते वेगळ्याच शेवटासाठी.
सूर टोकाला गेला की किंचित अडायचा,
मग अर्धी पायरी खाली, खरखरत,
जणू सांगायचं होतं ते आठवलं
आणि सांगितलं नाही.
बायका चुलीपुढून उठून दारात यायच्या.
नवरीचा मामा उगाच मांडवाची दोरी तपासायचा.
रुजाराची शेपटी, म्हणायचे तिला.

तीन वर्षं मी मागे लागले, ती शिकवा.
एका संध्याकाळी त्यांनी
ट्रम्पेटची मधली कळ फिरवून बाहेर काढली,
माझ्या तळव्यावर ठेवली.
थंडगार, तेलात न्हालेली, लख्ख.

"एक्क्याऐंशी साली अडाक लागली," म्हणाले.
"खारो वारो. खाली गेली की वर येवची नाय.
माझा काय नाय त्यात."

मग चार पैसे जमले तेव्हा
एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन ती नीट करून आणली.
त्या मे महिन्यात नऊ वराती वाजवल्या
आणि नऊ दारांत तेच ऐकलं:
रुजाराचो सूर गेलो.

तेव्हा माम बिघाड शिकायला बसले.
रात्री, पितळेचं तोंड गोधडीत खुपसून,
धडधाकट कळेला अडायला शिकवत.
फिलोमिनामामी भिंतीकडे तोंड करून झोपायची.
"जा फुकट इला," ते म्हणाले,
"ता शिकूक दोन वर्सां गेली."
आणि कळ परत जागेवर बसवली.
त्या दिवशी काही वाजवलं नाही.

आता त्यांचे पुढचे दात गेलेत.
काल आरवलीच्या वरातीत
ते खुर्चीवर बसून होते, मांडीवर टोपी.
मी वरचा सूर घेतला, धरला,
कुठली शेपटी लावावी ठरवत होते
तेवढ्यात श्वास संपला.
कापला नाही, घसरला नाही.
नुसता हवेचा सुस्कारा, पितळेतून.
बस्त्यावने चमकून पाहिलं.
एका म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

आज सकाळी मामांनी विचारलं,
"काल ता काय केलंस गो?"
मला सांगता येईना.

"मग तसाच ठेव," म्हणाले,
कवळी बशीत काढून,
पेजेवर फुंकर घालत.