आधी कुणाला विचारायचं

रात्री पावणेदोनला काळ्या पडद्यावर
एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.
नुसती रेघ. पुढे अक्षर नाही.
त्याआधी क्षणभर तारीख दिसली होती :
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

दुपारी घणसोलीत वीज तीनदा गेली
आणि इन्व्हर्टर मसाल्याच्या मिक्सरवर खर्ची पडला.
जिन्याखालचा आमचा डबा,
महाप्यातल्या बुडालेल्या एका कंपनीतून वजनावर घेतलेला,
चार डिस्क पोटात घेऊन बसलेला,
तो उठेना.

पोटात काय, ते सांगतो.
वैजयंतावहिनीने नऊ वर्षं मांडवामांडवांतून फिरून
धवलारणींचे आवाज भरून आणलेत.
गोठिवली, तळवली, करावे, दिवाळे.
हळदीचे, पाठवणीचे,
उंबराची फांदी तोडण्याआधी उंबराला सांगायचे.
दोनशे चौदा तास.
वहिनी कळव्याला, माहेरी. तिला फोन केला नाही.

"दोन-दोन डिस्कचा आरसा लावलाय," मी म्हणालो होतो तिला,
"एक गेली तरी दुसरीत असतंच."
आरसा म्हणजे प्रत नव्हे,
हे मला तेव्हाही माहीत होतं.
डिस्क महाग होत्या.

चारही सोडवल्या. जमिनीवर पेपर पसरून ओळीने मांडल्या,
नंबराचे शेवटचे चार आकडे मार्करने पाठीवर लिहिले,
नाहीतर घाईत जिवंतच उपटायची भीती.
मग एकेक लावत गेलो.
पहिली गप फिरली. दुसरीही.
तिसरी लावली आणि टक्.
थांबून, टक्.
शंकेची पाल म्हणतात ती अशी
खरोखर कानाला ऐकू येईल
असं वाटलं नव्हतं.

अर्धा तास नुसता बसलो. हात लावला नाही.
मग सुचलं म्हणून जुन्या सीडी ड्राइव्हची वायर काढून
तिला जोडली.
टक् बंद.
डिस्क शहाणीच होती. पिवळी वायर पिनेतून निसटून
नुसती टेकून होती,
कामावर येऊन सही करून निघून जाणाऱ्यासारखी.

तरी पडद्यावर रेघच.
तरी दोन हजार नऊ.

तेव्हा बोर्डावरचा सेल आठवला, रुपयाएवढा.
तो मेला की डबा विसरतो
आज काय वार आहे, आणि उठताना आधी कुणाला विचारायचं.
इतका वेळ तो गाण्यांच्या डिस्कला विचारत होता,
बाई, मी उठू कसा?
ती बापडी काय सांगणार.
तिला फक्त हळद कशी लावायची ते ठाऊक.

वहिनीच्या वजनकाट्यातला सेल काढून बसवला.
पेनड्राइव्हला यादीत पहिल्या नंबरवर आणलं.
चार वाजून वीस मिनिटांनी अक्षरं भराभरा उतरली
आणि मी उगाचच जिन्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला.

तपासणी दुपारपर्यंत चालली. एक टक्का, दोन टक्के,
मध्येच अकरावर तासभर अडली.
शेवटी : बिघाड एक. फाइल चारशे सतरा.
दोन्ही आरशांत तीच चीर.

सोनूबाय समोरच्या ओट्यावर चिंच फोडत होती.
म्हटलं, बाय, उंबराचा एक धवला गेला,
परत म्हणशील का, भरून घेतो.
तिने सुरुवात कशी ती विचारली, मी सांगितली.
चिंचोके बाजूला सारत म्हणाली,
"तो माजा नाय रं. दिवाल्याच्या बारकीबायचा.
ती गेली ना शिमग्याला."
आणि पुन्हा फोडायला लागली.

नवी डिस्क मागवली आहे, घराबाहेर ठेवायला.
वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही,
वजनकाटा का चालत नाही एवढंच विचारलं.

चारशे सतरा मी पुसली नाही.
अकरा सेकंद वाजते, मग थांबते.
गाणं त्यात नाहीच.
बांगड्या, कुणाचं तरी खोकणं,
आणि एक जाडसर आवाज :
पंखा बंद करा गं कोनीतरी,
मंग सांगते.